मदत हवी आहे: जीपला सीबीचा (गाडी-ते-गाडी बोलायच्या रेडिओचा) अँटेना लावलाय, एसडब्ल्यूआर सगळ्याच चॅनेलवर ३ च्या वर

चिखलगाडी

नमस्कार मंडळी. कोलोरॅडोत किंवा आसपास जीप दामटवणारं कुणी इथे असेल तर जरा मदत करा.

गाडी २०१२ ची रँग्लर जेके, चार दारांची, सेकंडहँड. आधीच्या मालकाने स्टेपनीच्या मागे अँटेनाचा ब्रॅकेट ठोकून ठेवला होता, बाकी सगळं काढून नेलेलं. त्याच ब्रॅकेटवर मी चार फुटी फायबरग्लास अँटेना चढवला. अँटेनाची केबल आरजी-८एक्स जातीची, १८ फूट, दोन्ही टोकांना कनेक्टर लावूनच आलेली. सेट साधा, ४० चॅनेलचा.

एसडब्ल्यूआर म्हणजे अँटेनाकडे पाठवलेली शक्ती किती परत फिरते त्याचं माप, जितकं कमी तितकं बरं. त्याचा मीटर लावून बघितला तर १, १९ आणि ४० या तिन्ही चॅनेलवर काटा लाल पट्ट्यात, ३ च्या पलीकडे. अँटेनाच्या टोकाचा लांबी जुळवायचा स्क्रू आतबाहेर करून बघितला, ढिम्म फरक नाही. दुकानदार म्हणतो अँटेनाच खराब आहे, पाच फुटी घ्या. त्याचं काय जातंय म्हणायला!

पुढच्या महिन्यात ग्रूपबरोबर इमोजीन पास करायचाय, यूरेहून टेल्युराइडला. १३,११४ फूट उंची, बऱ्याच ठिकाणी एकाच गाडीपुरता रस्ता आणि बाजूला दरी. पुढच्या गाडीने 'समोरून दोन येताहेत, रुंद जागेत थांबा' असं वेळेवर सांगितलं नाही तर वळणावर नाकाला नाक लागतं. तिथे मोबाईलचा भरवसा नाही, म्हणून ग्रूपचा दंडक आहे की सीबी नाही त्याने येऊ नये.

दुसरं म्हणजे केबल सध्या टेलगेटच्या (मागच्या दाराच्या) फटीतून आत घेतलीय, उरलेली गुंडाळून सीटखाली कोंबलीय. आणि पॉवर सिगरेट लायटरमधून. हे असं चालतं का?

रेंजवाला

आजच्या जमान्यात सीबी कसला लावताय राव? जीएमआरएस (लायसन्सवर चालणारा दुसऱ्या जातीचा रेडिओ) घ्या. ३५ डॉलरमध्ये दहा वर्षांचं लायसन्स, परीक्षा नाही, घरातले सगळे त्यातच. आवाज स्वच्छ, अँटेना वीतभर.

चिखलगाडी

मान्य, पण ग्रूपमधले सगळे सीबीवर. मी एकट्याने जीएमआरएस घेऊन बोलू कुणाशी?

तांब्याची_तार

आधी एक काम करा, बोलायचं बटण सोडा. मोजण्यापुरतं दोन सेकंद दाबलं तर ठीक, पण ३ च्या वर काटा असताना गप्पा मारत बसलात तर सेटचा आउटपुट ट्रान्झिस्टर उडेल.

नवा अँटेना अजिबात घेऊ नका. लांबी चुकली असती तर १ आणि ४० मध्ये फरक दिसला असता. १ वर काटा जास्त चढला तर अँटेना आखूड, ४० वर जास्त चढला तर लांब. तुमच्याकडे तिन्ही ठिकाणी सारखीच बोंब आहे, म्हणजे ग्राउंड (गाडीच्या पत्र्याशी विजेचा जोड) मिळत नाहीये किंवा कुठेतरी शॉर्ट आहे.

२७ मेगाहर्ट्झची तरंगलांबी जवळपास ११ मीटर. त्याचा पाव भाग म्हणजे नऊ फूट. तुमच्या चार फुटी दांड्यावर तार वेटोळी गुंडाळून ती लांबी भरून काढलेली असते, पण हे झालं अर्धंच काम. उरलेलं अर्धं गाडीच्या पत्र्याने करायचं असतं. एका हाताने टाळी वाजत नाही. त्यात रँग्लरचं हार्डटॉप फायबरग्लासचं, म्हणजे वरून पत्रा नाहीच. टेलगेट बॉडीला जोडलेलं ते बिजागऱ्यांनी, आणि तिथे रंग आणि ग्रीस.

मल्टिमीटर आहे ना? केबल सेटमधून काढा. कनेक्टरची मधली पिन आणि बाहेरची कड यांत काहीच जोड लागता कामा नये. लागलं तर माउंटचा नायलॉनचा वॉशर उलटा बसलाय किंवा गायब आहे. मग ब्रॅकेट ते बॅटरीचा निगेटिव्ह मोजा. तिथे अर्ध्या ओहमच्या आत यायला हवं.

चिखलगाडी

मोजलं. पिन आणि कड यांत काही नाही, म्हणजे शॉर्ट नाही. पण ब्रॅकेट ते बॅटरी ४० ओहमच्या आसपास, आणि टेलगेट हलवलं की आकडा उड्या मारतो. ब्रॅकेटवर काळा पावडर कोट आहे, बोल्टखालीसुद्धा.

तांब्याची_तार

सापडला चोर. बोल्टखालचा कोट दोन्ही बाजूंनी धातू चमकेपर्यंत खरवडा आणि दातेरी वॉशर घाला. मग ब्रॅकेटपासून बॉडीपर्यंत विणलेली चपटी तांब्याची पट्टी टाका, टेलगेट पूर्ण उघडेल एवढी ढील ठेवून. बॉडीकडेही रंग खरवडायचा, नाहीतर एवढी मेहनत पाण्यात. जोड आवळून झाला की वरून रंगाचा हात मारा. तुमच्याकडे हिवाळ्यात रस्त्यावर जे मीठ टाकतात त्याने उघडा पत्रा एका मोसमात गंजतो.

डोंगरवाट

केबलबद्दल सांगतो. टेलगेटच्या फटीतून नकोच. आतला पांढरा फोम मऊ असतो. दार रोज त्यावर दाबलं गेलं की मधली तार सरकत सरकत बाहेरच्या तारेच्या जाळीला टेकते, आणि बाहेरून केबल दिसते नवीकोरी. मागच्या दिव्याच्या वायरी जिथून आत जातात त्या रबरी बुचाला छोटी चीर देऊन तिथून घ्या. आत शिरण्याआधी केबलला खाली एक झोळ द्या म्हणजे पाणी तिथूनच गळून जाईल. आतून पुढे दाराच्या उंबऱ्यालगत, कार्पेटखालून.

जास्तीची केबल कापू नका, गोल भेंडोळंही करू नका. फूटभर लांबीचे इंग्रजी आठासारखे सैल वेढे करून मधोमध बांधा.

आणि लायटर सोडा. दोन्ही वायरी थेट बॅटरीवर न्या, फ्यूज बॅटरीजवळ. लायटरवरून अल्टरनेटरची (इंजिनवर फिरून वीज बनवणाऱ्या यंत्राची) शिट्टी सेटमध्ये येते, इंजिन रेस केलं की चढत जाते. एकदा ऐकलीत की डोकं उठतं.

पाऊसपाणी

मी पुण्यात. अमेरिकेतून भाऊ येतोय, त्याच्याकडून असा सेट मागवून थारला लावावा म्हणतोय. चालेल?

तांब्याची_तार

तसाच नको. भारतात परवान्याशिवाय मोकळा असलेला पट्टा २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झ आणि शक्ती ५ वॉटपर्यंत. अमेरिकी सेटचे चॅनेल २७.४०५ पर्यंत जातात, म्हणजे २८ पासून पुढचे सगळे या पट्ट्याबाहेर. सेट मागवण्याआधी इथले नियम नीट वाचा आणि वेगळा धागा काढा. इथे यांची गाडी आधी मार्गी लावू.

चिखलगाडी

अपडेट देतो. कोट खरवडला, पट्टी टाकली. ब्रॅकेट ते बॅटरी ०.३ ओहम. एसडब्ल्यूआर १ वर १.४, ४० वर १.९. काल लाल पट्ट्यात अडकलेला हाच तो काटा! केबलही दिव्याच्या बाजूने घेतली. आता स्क्रूला हात लावू की आहे ते पुरे?

तांब्याची_तार

२ च्या आत आहे, चाललं असतं. पण ४० वर जास्त, म्हणजे अँटेना किंचित लांब. स्क्रू एक फेरा आत घ्या, लॉकनट आवळा, पुन्हा मोजा. मोजताना गाडी मोकळ्या जागेत, दारं-बोनेट बंद, अँटेनाजवळ कुणी उभं नको. गॅरेजमध्ये मोजलेला आकडा धरू नका.

चिखलगाडी

दोन्हीकडे १.५. _/\_ आता फक्त पलीकडे आवाज नीट पोचतोय का ते बघायचंय.

डोंगरवाट

आय-७० महामार्गावर जाऊन चॅनेल १९ लावा आणि 'रेडिओ चेक' म्हणा. ट्रकवाला कुणीतरी उत्तर देतोच, कधी शिवी घालून. ९ वर मात्र हे करू नका, तो अडीअडचणीसाठी ठेवलेला आहे.