शॉकच्या आधी बुश तपासा
ब्रेक दाबला की पुढून 'टक्' असा आवाज येतो आणि नवे शॉक अ‍ॅब्सॉर्बर टाकूनही तो गेला नाही, असं तुम्ही लिहिलंय. माझा संशय लोअर आर्मच्या (चाकाला चासीशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याच्या) बुशवर आहे, म्हणजे आर्म जिथे चासीला जोडलेला असतो तिथल्या धातूच्या नळीभोवतीच्या रबरावर. तिथलं रबर फाटलं की ब्रेक मारताना आर्म मागे सरकतो आणि पाय काढला की पुन्हा जागेवर येतो. टायर एकाच कडेने झिजतोय का, तेही बघा.

गाडी जॅकस्टँडवर नीट टेकवा, आर्म आणि चासीच्या मधे पहार घालून हलकेच रेटा. रबर थोडं दबणारच. पण ते धातूच्या नळीपासून सुटलेलं दिसलं किंवा खोल चीर असली, तर बदलाच, दोन्ही बाजूंचे एकदम.

बसवताना एक चूक फार होते आणि तिच्यापायी नवे बुश लवकर फाटतात: चाकं लटकत असतानाच बोल्ट पूर्ण आवळणं. रबरी बुश फिरत नाही, पिळला जातो. हवेत आवळला तर गाडी खाली आल्यावर तो कायम पिळलेलाच राहतो. म्हणून बोल्ट आधी सैल ठेवा, गाडीचं वजन चाकांवर येऊ द्या आणि मगच टॉर्क रेंचने (ठरावीक जोरानेच आवळणाऱ्या पान्याने) मॅन्युअलमधल्या आकड्यापर्यंत आवळा. बुश आत सरकवताना साधं ग्रीस लावू नका, त्याने रबर फुगतं. साबणाचं पाणी पुरतं.

पॉलियुरेथेनचे (एका प्रकारच्या प्लॅस्टिकचे) बुशही मिळतात, पण ते कडक असतात, धक्के जास्त जाणवतात. रोजच्या गाडीला मी तरी रबरच घालेन. काम झाल्यावर व्हील अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) मात्र करून घ्याच.