‘चेहऱ्यावर छेद घेऊ देऊ नका’ या सल्ल्याला उत्तर

मृण्मयी: ‘सायनसमधील (नाकाभोवतीच्या हाडांतल्या पोकळ्यांमधील) कोणतीही गाठ आता दुर्बिणीने नाकपुडीतून निघते, चेहऱ्यावर छेद सुचवणाऱ्या सर्जनकडे फिरकू नका,’ असे रानवारा यांनी काल लिहिले. हा सल्ला कुणाच्या तरी जिवावर बेतेल. माझ्या वडिलांचा कर्करोग गालामागच्या सायनसमधून टाळूत आणि गालाच्या त्वचेपर्यंत पसरला होता. वरच्या जबड्याचा तो भाग काढून, टाळूच्या जागी ऑब्च्युरेटर, म्हणजे भोक झाकणारी कृत्रिम टाळू, बसवून आणि पुढे सहा आठवडे रेडिएशन घेऊनच ते वाचले.

रानवारा: मला इन्व्हर्टेड पॅपिलोमा, म्हणजे नाकाच्या अस्तरातून वाढणारी, कर्करोगाची नसलेली गाठ होती. एका सर्जनने गाल उघडायचे ठरवले होते. दुसऱ्याने नाकातूनच गाठ काढली आणि तिचे मूळ ज्या हाडाला चिकटले होते, ते ड्रिलने घासले. हा अनुभव मी सांगूच नये काय?

मृण्मयी: अवश्य सांगा, पण तुमची गाठ कर्करोगाची नव्हती. गाठ योग्य जागी असेल तर कर्करोगातही दुर्बिणीने उत्तम काम होते, हे मला मान्य करावे लागेल. तरीही छेद कोठे घेतला यापेक्षा गाठ संपूर्ण निघाली का, हे महत्त्वाचे.

अप्पा निपाणीकर: आमचे नुकसान शस्त्रक्रियेच्या कितीतरी आधी झाले. माझा भाऊ सुतार. त्याची एकच नाकपुडी बंद असे आणि तिच्यातून अधूनमधून रक्त येई. डॉक्टरांनी पॉलिप (नाकातली साधी मऊ वाढ) म्हणून काढले, पण तपासणीला पाठवलेच नाही. लाकडाच्या धुळीने नाकाचा कर्करोग होतो हे जगाला १९९५ पूर्वीपासून ठाऊक असताना, त्याचा व्यवसायही कुणी विचारला नाही. निदान झाले तेव्हा गाठ डोळ्याच्या खोबणीत शिरली होती.

कान-नाक-घसा: एका उदाहरणावरून साऱ्या डॉक्टरांना आरोपी करू नका. एकाच बाजूच्या गाठीचा तुकडा स्कॅनआधी घाईने घेतला, तर किशोरवयीन मुलांमधील अँजिओफायब्रोमातून (रक्तवाहिन्यांनी भरलेल्या गाठीतून) प्रचंड रक्तस्राव होतो; मेंदूचे आवरण नाकात उतरलेले असेल, तर मेंदूभोवतीचे पाणी गळू लागते.

अप्पा निपाणीकर: घाई करा असे मी कोठे म्हटले? काढलेले मांस बादलीत टाकू नका, एवढेच माझे म्हणणे आहे, आणि तेवढ्यासाठी माझ्या भावाने डोळा गमावला.

कान-नाक-घसा: ते मी नाकारू शकत नाही. एकाच बाजूचे पॉलिप काढले की ते पॅथॉलॉजीकडे गेलेच पाहिजे.

रानवारा: ‘कोणतीही’ हा शब्द मी काढतो. मात्र दोन्ही पद्धतींचा सराव असलेल्या सर्जनचे मत घेतल्याशिवाय गाल उघडू देऊ नये, यावर मी ठाम आहे.

मृण्मयी: घ्या, पण त्यात महिने घालवू नका, आणि ते मत एकट्या सर्जनचे नसावे. काही प्रकारांत आधी केमोथेरपी देऊन गाठीचा प्रतिसाद पाहतात आणि मगच शस्त्रक्रिया की रेडिएशन हे ठरते. म्हणून पॅथॉलॉजीचा अहवाल ट्यूमर बोर्डापुढे, म्हणजे वेगवेगळ्या तज्ज्ञांच्या एकत्र बैठकीपुढे, ठेवण्याचा आग्रह धरा.