दोन वर्षांची लेक, एकवीस माणसांचं घर

पेठेतली सून:
शिवाजी पेठेत आमचं एकत्र घर, एकवीस माणसं. रविवारी लेकीला 2 वर्षं पुरी होतात. गेल्या वाढदिवसाला कुणाच्याही कडेवर जायची, आता सगळ्यालाच 'न्हाई'. आजोबांच्या चपला दुसऱ्या कुणी घातल्या की घर डोक्यावर घेते, काढायला लावूनच गप्प बसते. चुलते म्हणतात हट्टी झालीय. मला तर ती या घरातली एकमेव शिस्तीची वाटते! त्यांना हॉल, डीजे, शंभर माणसं पाहिजेत. मला घरीच करायचंय. थोरल्यांना सांगू कसं?

रंकाळ्याची आत्या:
हट्टी नव्हे गं. दीड-दोन वर्षांत 'मी' आणि 'माझं' कळायला लागतं, म्हणून 'न्हाई'. "फ्रॉक घालायचा का?" असं विचारूच नको. "लाल का पिवळा?" विचार. आणि कार्यक्रम दुपारच्या झोपेनंतर ठेव.

तांबडा-पांढरा:
वहिनी, हॉलचे पैसे मटणात घाला, चुलते आपोआप गप्प बसतील. फुटलेल्या फुग्यांचे तुकडे मात्र लगेच उचला, पोरं तोंडात घालतात, घशात अडकतं. अख्खे शेंगदाणेही नकोत.

पेठेतली सून:
आज थोरल्या सासूबाईंनी ओवाळून बघायला ताट आणलं. पोरीनं हिसकावून त्यांनाच ओवाळलं, कुंकू थेट नाकाला! त्या हसत म्हणाल्या, "हॉल-बिल काही नको, घरातच करूया." आता मटण किती किलो लागेल, भाऊ?