आठव्या महिन्यातले जंत
गरोदरपणात आठव्या महिन्यात सुतासारख्या बारीक जंतांनी खाज सुटते, काय करू, या प्रश्नावर वर कुणीतरी लिहिलंय की गोड बंद करा आणि पपईच्या बिया वाटून घ्या. गोडाने जंत होत नाहीत हो, अंडी नखांतून तोंडात जातात म्हणून होतात, आणि पपईच्या बियांचे प्रयोग गरोदरपणात तरी नकोतच. जंताच्या गोळीबद्दल लिहिलंय ते मात्र पटलं, पहिले ३ महिने टाळतात, पुढेही डॉक्टरांनी दिली तरच.

मला आठवा चालू होता, लेकीने बालवाडीतून आणलेले, तेव्हा डॉक्टरबाईंनी सांगितलं की मादी रात्री शीच्या जागेबाहेर येऊन अंडी घालते म्हणून उठल्याउठल्या, चहाच्याही आधी, खालून नीट धुवायचं, रात्री घट्ट चड्डी आणि चादर झटकायची नाही (सासूबाईंना हे पटवणं सगळ्यात अवघड!), सरळ गरम पाण्यात टाकायची. अंडी घरात साधारण २ आठवडे टिकतात, जंत ६ आठवडे जगतो, म्हणून हे सगळं ६ आठवडे. बाकी घराला एकाच दिवशी गोळी, २ आठवड्यांनी परत. पोटामुळे हात पोचत नाही तेव्हा हँडशॉवर बेस्ट. बाळापर्यंत हे जंत जात नाहीत. पण खाज तळहात-तळपायांना असेल तर जंत समजून बसू नका, शेवटच्या महिन्यांत ती लिव्हरमुळेही असते, लगेच दाखवा, रक्त तपासतात.