साच्यातील वक्र शीतवाहिन्यांसाठी धातूची थ्रीडी प्रिंटिंग योग्य ठरेल का?

प्रश्न:
नमस्कार. वडोदऱ्यातील मकरपुरा जीआयडीसी औद्योगिक वसाहतीत आम्ही प्लास्टिक इंजेक्शनचे साचे बनवतो. साचा थंड करणाऱ्या पाण्यासाठी ड्रिलने पाडलेली भोके सरळच जात असल्यामुळे खोल, गोलसर भागांजवळ पाणी पोहोचत नाही आणि नेमकी तिथेच वस्तू वाकते. पृष्ठभागाच्या वळणांनुसार वाहिन्या असलेला मॅरेजिंग पोलादाचा (तापवून कठीण करता येणारे मिश्र पोलाद) इन्सर्ट, म्हणजे साच्यात बसवायचा वेगळा भाग, प्रिंट करून घ्यावा का?

उत्तर 1:
अवश्य घ्यावा, मात्र संपूर्ण साचा प्रिंट करू नये. लेसर धातूची भुकटी साधारण 30 ते 60 मायक्रॉनच्या थरांनी वितळवत जातो, त्यामुळे हे काम संथ आणि महाग असते. म्हणून तळाचा साधा भाग मिलिंगवर (धातू कापून आकार देणाऱ्या यंत्रावर) तयार करून त्यावर केवळ गुंतागुंतीचा भाग प्रिंट करणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. सुमारे 490 अंश सेल्सिअसला एजिंग केल्यावर, म्हणजे काही तास तापवून ठेवल्यावर, कठीणपणा 50 एचआरसीच्या (रॉकवेल सी या कठीणपणाच्या मापाच्या) पुढे जातो. फिनिशिंगसाठी जादा माप ठेवायला विसरू नका.

उत्तर 2:
वरील मताशी सहमत आहे, परंतु पाण्याचा विचार आधी करावा, असे मी आग्रहाने सांगेन. बोअरचे जड पाणी वापरल्यास वाहिनीत क्षार साचतात, आणि सरळ भोक जसे पुन्हा ड्रिल घालून साफ करता येते तशी वळणदार वाहिनी करता येत नाही. मृदू केलेले पाणी बंद चक्रात फिरवावे आणि प्रत्येक वाहिनीतील प्रवाह मोजावा.

प्रश्नकर्ता:
दोघांचेही आभार. प्रिंटिंगनंतर वाहिनीत अडकलेली, न वितळलेली भुकटी कधी काढावी?

उत्तर 1:
एजिंगच्या आधीच, तापवल्यावर ती घट्ट चिकटून बसू शकते.