मदत हवी आहे: सेंधव्यात गाडी अडकली, थर्मोस्टॅट (इंजिन गार ठेवणाऱ्या कूलंटची वाट उघडणारी-बंद करणारी झडप) काढून इंदूरपर्यंत आणावी का?

नमस्कार मंडळी. चाकणहून कामावरून घरी इंदूरला निघाले होते. बिजासन घाट चढताना तापमानाचा काटा लालवर गेला. लगेच बाजूला घेऊन इंजिन बंद केलं. गाडी टोचन करून सेंधव्यात आणली, रात्री इथेच मुक्काम.

गाडी पेट्रोल, २०१५ची, ९२,००० किमी. इंजिन पूर्ण गार झाल्यावर झाकण उघडलं तर कूलंट भरलेलं होतं, गळती कुठेच नाही. पंखा फिरतो. डिपस्टिकवरचं ऑइल स्वच्छ आहे, पांढरा धूर नाही, म्हणून हेड गॅस्केट (इंजिनच्या वरच्या भागाखालचं सील) गेलं नसावं असं वाटतं. मात्र पुन्हा चालू करून पाहिलं तेव्हा रेडिएटरचा वरचा पाइप चटका बसेल इतका गरम आणि खालचा जवळजवळ गार.

इथले मिस्त्री भले माणूस आहेत, रात्री उशिरापर्यंत थांबले. त्यांचं म्हणणं, थर्मोस्टॅट अडकलाय. नवा इथे मिळत नाही, काढून टाकू, आरामात इंदूर गाठाल. मला धास्ती मानपूरच्या घाटाची आहे. खलघाटला नर्मदा ओलांडली की पुढे चढच चढ, आणि सोबत दोन लहान मुलं.

विम्यात रस्त्यावरच्या मदतीचं कलम नाही. परवा सकाळी मुलांची शाळा आहे, त्यामुळे उद्या दुपारपर्यंत निघायलाच हवं.

थर्मोस्टॅट काढून कुणी मानपूर घाट चढलंय का? पाण्याचा पंप खराब असेल तर ते निघण्याआधी इथेच कसं ओळखायचं? आणि सेंधवा ते इंदूरजवळचं राऊ, इतकं अंतर गाडी ट्रकवर चढवून आणायला साधारण किती घेतात?