होबार्टला चाललोय, रिचमंड गावाला अख्खा दिवस द्यावा का?

जुळे_सोलापूर:
नमस्कार मंडळी, भाचा ऑस्ट्रेलियात टास्मानिया बेटावर होबार्टला शिकायलाय, जूनमध्ये आई-बाबांना घेऊन त्याच्याकडं चाललोय. बाबांना जुन्या बांधकामाचं लई वेड, घरी पाहुणा आला की भुईकोट किल्ला दाखवल्याशिवाय सोडत नाहीत. आईचे गुडघे दुखतात. भाचा म्हणायलाय रिचमंड म्हणून नदीकाठचं जुनं गाव आहे पण तासाभरात संपतं, त्याच दिवशी पोर्ट आर्थर, म्हणजे कैद्यांची जुनी वसाहत, ती पण उरकू. जमेल का? आणि शेंगा चटणी न्यायला चालते का, त्याशिवाय आई विमानात बसणार नाही.

होटगी_रोड:
जूनमध्ये दोन्ही एका दिवशी नका करू साहेब. तिकडं तेव्हा ऐन हिवाळा, पाचच्या आत सूर्य मावळतो आणि अंधार पडला की रस्त्यावर वॉलबी (छोटे कांगारूच म्हणा) उड्या मारत येतात. पोर्ट आर्थर होबार्टहून जायलाच दीड तास, आतला परिसर केवढा मोठा, तिथं आईंचे हाल होतील. रिचमंड 25 किमीवर, सगळं सपाटीला, जवळजवळ.

माहेर_अक्कलकोट:
तासाभरात संपतं म्हणणाऱ्यानं नुसता पुलावर फोटो काढलेला असतो 😀 तो पूल कैद्यांकडून बांधून घेतलाय, 1823 ते 1825, ऑस्ट्रेलियातला सगळ्यात जुना दगडी पूल आणि अजून त्याच्यावरून गाड्या जातात. खाली कोल रिव्हर, 1803 मध्ये काठावर कोळसा सापडला म्हणून ते नाव. नदी म्हणजे आपल्या भीमेपुढं ओढाच, पण बदकं भरपूर, आईंना काठावर बाकड्यावर बसवा आणि बाबांना घेऊन जेल बघा. ते 1825 चं, म्हणजे पोर्ट आर्थरच्याही आधीचं, तिकीट आहे. एकांतवासाच्या कोठड्या इतक्या अरुंद की आत उभं राहिलं तरी जीव घाबरतो. पलीकडं सेंट जॉन चर्च, 1836 चं.
गाव एवढं जुनं राहिलं कसं तर पूर्वी होबार्टहून पोर्ट आर्थरकडची वाहतूक या पुलावरूनच जायची, 1872 ला सोरेल गावाकडं पाण्यातून भराव टाकून जवळचा रस्ता झाला आणि रिचमंडकडं कुणी फिरकेना. धंदा बसला, मग जुनं पाडून नवीन बांधायला पैसा कुणाकडं होता? तेच आता बघायला लोक येतात.

होटगी_रोड:
हे भारी सांगितलंत ताई.

सातरस्ता_बॉय:
मी जरा वेगळं बोलतो. डिसेंबरात गेलात तर रात्री साडेआठपर्यंत उजेड, सोरेलमार्गे दोन्ही आरामात होतं. आणि युनेस्कोच्या यादीत पोर्ट आर्थर आहे, रिचमंड नाही. एवढा खर्च करून जायलाव तर ते चुकवू नका, दुसरा दिवस द्या.
चटणीचं म्हणाल तर सीलबंद पॅकेट न्या आणि विमानात फॉर्म देतात त्यावर खाण्याचं सामान आहे म्हणून खरं लिहा. ठेवायचं की टाकायचं ते त्यांचा माणूस ठरवतो, लपवलं तर दंड. कढीपत्ता, लिंबं, फळं अजिबात नको. मेलबर्नला सुटलात तरी टास्मानियाचे नियम वेगळे, होबार्ट एअरपोर्टला परत कुत्रं बॅगा हुंगतंय.

जुळे_सोलापूर:
सगळ्यांचे आभार. बाबांना पुलाचं वाचून दाखवलं तर आता दगड कुठला, चुना कुठला विचारायलेत. पोर्ट आर्थर दुसऱ्या दिवशी, आई भाच्याच्या खोलीवरच थांबते म्हणाली. जूनमध्ये तिकडं जाड स्वेटर पुरतो का जॅकेटच घ्यावं लागतंय?

माहेर_अक्कलकोट:
जॅकेट, आणि कानटोपी. नदीकाठी वारं बोचतंय.